मुंगीच्या कथेस परवानगी मिळणेबाबत

विषय : मुंगीच्या जीवनावर एक कथा लिहून प्रसिद्ध करण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : कनिष्ठ लिपिक श्री. खवलेराव यांचा अर्ज, पळस फुलल्याचा तिसरा दिवस.

उपरोक्त विषयास अनुसरून, बालमित्रांनो, हाताची घडी घालून बसा.

एका जंगलात एक कचेरी होती. जंगलात कचेरी कशाला, असे विचारू नका. कचेरी आधीपासूनच होती, जंगल तिच्याभोवती नंतर वाढले, असे तिथले जुने कर्मचारी सांगत.

तिचे नाव पाणवठा नियोजन कार्यालय. कोणत्या प्राण्याने केव्हा पाणी प्यायचे, हे तिथे ठरत असे. ठरेपर्यंत प्राणी पाणी पिऊन घरी पोचलेले असत. पण कागद चोख असत.

या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर खवलेराव नावाचे एक खवले मांजर बसत असे. अंगभर खवले, हातभर जीभ आणि तोंडात दात एकही नाही. स्वभावाने गरीब. कोणी जरा टोचून बोलले की ते अंगाचा चेंडू करून घेत. मग शेजारच्या टेबलावरच्या भेकरबाई त्या चेंडूवर पाय टेकून फाइल वाचत.

खवलेरावांना लेखक व्हायचे होते. त्यांच्या डोक्यात एका मुंगीची कथा होती. सतरा उन्हाळे ती डोक्यातच होती. त्यातले पहिले वाक्य तेवढे पळसाच्या पानावर उतरले होते :

'मुंगी घरातून निघाली.'

ती घरातून निघाली खरी, पण पुढे जाईना. दिवसभर कचेरी. कचेरीतून वेळ मिळालाच, तर शंका येत. मुंगीच्या मनातले आपल्याला काय कळणार? आपण तर दोन्ही वेळा मुंग्याच जेवतो. असा विचार आला की चेंडू.

भेकरबाईंना असल्या शंका येत नसत. त्यांनी चार उन्हाळ्यांत अकरा कथा लिहिल्या होत्या. प्रत्येक कथेच्या शेवटी वाघ मरत असे आणि भेकर जिंकत असे.

एके दिवशी 'रानपालवी' या वार्षिकाच्या संपादक साळुंकीबाई कचेरीच्या खिडकीत येऊन बसल्या.

"खवलेराव, यंदा एक पान तुमच्यासाठी ठेवलंय हं. मोहाची फुलं गळायच्या आत कथा द्या. नाही दिलीत तर ते पान भेकरबाईंना."

"बारावी तयार आहे," भेकरबाई लगेच म्हणाल्या.

"देतो, देतो," असे चेंडूच्या आतून ऐकू आले.

घरी गेल्यावर खवलेराव पान पुढ्यात घेऊन बसले. नखाने माती उकरली. शेपूट चाटली. आणि काय आश्चर्य, दुसरे वाक्य आले :

'घराला ते कळलेच नाही; आत अजून नऊ हजार होत्या.'

त्यांनी ते बायकोला वाचून दाखवले. बायको डब्यासाठी मुंगळे निवडत होती. तिचा हात थांबला.

"अगंबाई! मग? पुढे काय झालं तिचं?"

सतरा उन्हाळ्यांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. पुढचे वाक्य या दोघांइतके चांगले आले नाही तर?

"पुढे..." ते म्हणाले, आणि त्यांचा चेंडू झाला.

"अहो, सांगून तरी गोळा व्हा!" बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी नियमांचे बाड काढले. आत मिळाले ते पाहून त्यांचे खवले आनंदाने वाजले. कर्मचाऱ्याने पूर्वपरवानगीशिवाय साहित्यनिर्मिती करू नये! त्यांनी ताबडतोब अर्ज लिहिला, आवक नोंदवहीत नोंदवला आणि अस्वल हेडक्लार्कांकडे ठेवला. अस्वल कागदावर झोपत असत. तिथे गेलेला कागद दोन पावसाळे हलत नाही, असा लौकिक होता.

ते दिवस फार सुखाचे गेले. भेटेल त्याला खवलेराव सांगत, "कथा केव्हाच झाली असती हो. परवानगी अडकलीय." माकडे हळहळत. सांबरे मान हलवत. खवलेरावांचा नंबर पाणवठ्यावर आपोआप पुढे सरकू लागला. लेखक म्हणून एवढा मान भेकरबाईंना अकरा कथा लिहूनही मिळाला नव्हता.

"न लिहिता कसं जमवता हो हे?" त्यांनी एकदा कुत्सितपणे विचारले.

"साधना लागते," खवलेराव म्हणाले.

पण घरी बायको रोज विचारी, "ती मुंगी कुठवर आली?"

"टेबलावर आहे."

आणि मग घात झाला. वाघसाहेब दौऱ्यावरून अवेळी परतले. अस्वल दचकून उठले आणि अंगाखालचा कागद घाईघाईने पुढे केला. साहेबांनी वाचला.

"मुंगीची कथा? लिहू दे की. माझ्यावर नाही ना?"

"नाही साहेब."

साहेबांनी पंजा चिखलात बुडवला आणि कागदावर ठेवला. झाली सही!

आता नियम असा, की साहेबांची सही झालेला हुकूम जावक नोंदवहीत चढून अर्जदाराच्या हाती पडला, तरच लागू होतो. जावकचे टेबल कोणाचे? खवलेरावांचे. अर्जदार कोण? खवलेराव.

त्यांनी हुकूम उजव्या पंजातून डाव्या पंजात दिला असता, तरी काम झाले असते. मोहाची फुले गळायला अजून नऊ दिवस होते. बायको वाट पाहत होती. दोन वाक्ये तयार होती.

खवलेरावांनी तासभर त्या हुकुमाकडे पाहिले. मग त्यांच्यातला लिपिक जागा झाला. असा डोळे मिटून कागद सोडायचा? त्यांनी अर्ज नीट तपासला आणि त्यांना त्रुटी सापडली. कथा मुंगीवर आहे, पण मुंग्यांचे ना-हरकत प्रमाणपत्र जोडलेले नाही!

"अर्जदारानं फारच निष्काळजीपणा केलाय," ते गंभीरपणे म्हणाले.

"अर्जदार तुम्हीच ना?" भेकरबाई ओरडल्या.

"कचेरीत आपलं-परकं करून चालत नाही, बाई."

त्यांनी वारुळाला पत्र लिहिले आणि ते समक्ष पोचवायला स्वतः निघाले. भर दुपार होती. डबा घरी राहिला होता.

वारुळापाशी ते थांबले. भोकातून एक मुंगी बाहेर आली. एकटीच. तिने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि चालू लागली. आतल्या नऊ हजारांना काही कळले नाही.

तीच ती! आता फक्त मागोमाग जायचे. ती जाईल ते लिहायचे. तिसरे वाक्य डोळ्यांसमोर सहा पायांनी चालत होते.

त्यांनी अदबीने पत्र पुढे केले. आणि सवयीने जीभही.

संध्याकाळी बायकोने विचारले, "कळलं का हो? पुढे काय झालं तिचं?"

"पोच मिळाली नाही," खवलेराव खाली मान घालून म्हणाले.

मोहाची फुले गळाली. 'रानपालवी'त भेकरबाईंची बारावी कथा आली. वाघ मेला.

तात्पर्य : बालमित्रांनो, लेखकाने नोकरी कधीही सोडू नये. न लिहिण्याचे इतके भक्कम कारण दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

वारुळास आजवर चौदा स्मरणपत्रे समक्ष देण्यात आली आहेत. एकाचीही पोच आलेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.