ग्रंथीबाबत ठराव

कार्यालय अधीक्षक या पदावरून निवृत्त झालेल्या गृहस्थांना कर्करोग असल्याचे निदान झाले, तेव्हा त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. उतारवयात शरीरात काही ना काही निघायचेच, हे त्यांना तत्त्वतः मान्य होते. धक्का बसला तो डॉक्टरांच्या पुढच्या बोलण्याने.

"पुरःस्थ ग्रंथीत आहे, म्हणजे प्रोस्टेटमध्ये," डॉक्टर म्हणाले. "लहान आहे, मंद चालीचा आहे, बाहेर पसरलेला नाही. ऑपरेशन करून ग्रंथी काढता येईल. किरणोपचार देता येतील. किंवा सध्या दोन्ही न करता, नियमित तपासण्या करून नुसतं लक्ष ठेवता येईल. तुमच्या बाबतीत तिन्ही मार्ग योग्य आहेत. कोणता घ्यायचा ते तुम्ही ठरवा."

"मी?" त्यांनी मागे वळून पाहिले. मागे फक्त वजनकाटा होता.

"रोग तुमचा, शरीर तुमचं. आम्ही माहिती देणार, निर्णय तुमचा."

सबंध नोकरीत या गृहस्थांनी एकही निर्णय घेतला नव्हता. वरून आलेले खाली पाठवायचे, खालून आलेले वर, आणि दोन्हींवर 'अभिप्रायार्थ सादर' असा शेरा मारायचा. त्यामुळे त्यांच्या हातून कधी चूक झाली नाही आणि ऑफिसात त्यांना अभिप्रायराव हे नाव पडले. निवृत्तीच्या वेळी खुर्ची परत घेतली गेली, नाव मात्र राहिले. अशा माणसाच्या टेबलावर आता त्याचीच ग्रंथी येऊन पडली होती, आणि वर पाठवावी तर वर फक्त परमेश्वर होता. तिकडे इतक्यात प्रकरण पाठवण्याची त्यांची इच्छा नव्हती.

म्हणून त्यांनी अभिप्राय मागवायला सुरुवात केली.

पहिला अभिप्राय सर्जनचा. सर्जनच्या टेबलावर ग्रंथीची प्लॅस्टिकची प्रतिकृती होती. ती उघडून दाखवताना तिचा एक भाग घरंगळत टेबलाखाली गेला आणि सापडला नाही. "हे असंच काढून टाकायचं. कटकट मिटली," सर्जन म्हणाले.

"आणि नंतर काही त्रास?"

"काही दिवस लघवीवर ताबा राहत नाही. बहुतेकांचं सुधारतं." मग सर्जन आवाज खाली आणून खिडकीशी बोलल्यासारखे म्हणाले, "आणि वैवाहिक जीवनात जरासा फरक."

"जरासा म्हणजे केवढा?"

"या वयात चालून जातं हो!" सर्जन म्हणाले. ते स्वतः अभिप्रायरावांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे असावेत.

किरणोपचारवाल्या डॉक्टरांनी त्यांना खाली नेऊन यंत्र दाखवले. नवीन गाडी घेतलेला माणूस शेजाऱ्याला दाखवतो, तसे सगळ्या बाजूंनी. "ऑपरेशन?" ते दचकून म्हणाले. "अहो, ज्या कामाला टाचणी पुरे, तिथे कुऱ्हाड कशाला?" यंत्रामुळेही तिकडे जळजळ होऊ शकते, हे त्यांनी यंत्राचा दरवाजा लावता लावता सांगितले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा नियम वैद्यकशास्त्रालाही लागू आहे, अशी अभिप्रायरावांची खात्री पटली. पण त्यामुळे निर्णय काही होईना.

तेवढ्यात मेहुण्याने प्रकरण हाती घेतले. मेहुण्याला पाठदुखी सोडली तर स्वतःचा कुठलाच आजार नव्हता, त्यामुळे इतरांच्या आजारांना द्यायला त्याच्याकडे भरपूर वेळ होता. त्याने त्याच दिवशी फोनवर 'भाऊजी : उपचार' असा ग्रुप काढला. त्यात नातेवाईक, सोसायटीतले पुरुष आणि चुकून एक प्लंबर आला. दुपारपर्यंत चर्चा इतकी रंगली की संध्याकाळी 'भाऊजी : उपचार (फक्त गंभीर सदस्य)' असा दुसरा ग्रुप काढावा लागला. त्यात पहिल्या ग्रुपवरचे सगळे होते.

प्रोस्टेट हा शब्द मात्र कोणी लिहीना. कोणी 'तिथला त्रास' लिहिले, कोणी 'खालचा विषय'. एका काकांनी 'नाजूक प्रकरण' असे लिहिल्यावर दूरच्या एका आत्याने फोन करून विचारले, "या वयात हे काय ऐकतेय मी? ती कोण?"

शेवटी सोसायटीचे चेअरमन पुढे आले. "अशा विषयात भावनेच्या आहारी जाऊन चालत नाही. एक पद्धत असते," ते म्हणाले आणि त्यांनी महिन्याच्या सभेत ऐनवेळचा विषय म्हणून ग्रंथी घेतली. तिच्या आधी पाण्याच्या टाकीची गळती होती. टाकीवर मतभेद झाले, ग्रंथीवर झाले नाहीत. "काढून टाका! सडका दात काय, भाडेकरू काय, लवकर काढलेला बरा," असे तळमजल्यावरच्या वकिलांनी ठासून सांगितले.

अभिप्रायराव कसेबसे उभे राहिले. "मला एक बोलायचं होतं. डॉक्टर म्हणाले, नुसतं लक्ष ठेवलं तरी..."

"रुग्णाला या विषयावर बोलता येणार नाही," चेअरमन म्हणाले. "तुमचे हितसंबंध गुंतलेत."

हे नियमाला धरून होते. अभिप्रायराव सवयीने खाली बसले. ऑपरेशनचा ठराव एकमताने मंजूर झाला. अनुमोदन देणारे दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा कानाने अधू होते. "गळती थांबलीच पाहिजे!" असे म्हणत त्यांनी हात वर केला होता. ऑपरेशनने गळती सुरू होते, थांबत नाही, हे सांगायला अभिप्रायरावांना परवानगी नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला ठरावाची माहिती दिली. तिला दोन्ही ग्रुपवर घेतलेले नव्हते, कारण विषय पुरुषांचा होता. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला सदरा तिने तसाच ठेवला.

"सगळ्यांचं झालं ना सांगून? आता मला सांगा, तुम्हाला भीती कशाची वाटते?"

आतापर्यंत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. अभिप्रायराव बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"मरायची वाटते. पण त्याहून जास्त... चारचौघांत कपडे ओले झाले तर? आणि दुसरं ते... डॉक्टर म्हणाले ते. तुला काय वाटेल?"

"अहो, त्या दुसऱ्यात निम्मी भागीदार मी आहे," बायको म्हणाली. "ठराव झाला तेव्हा मला सभेची नोटीसही नव्हती."

अभिप्रायरावांना हसू आले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आले. तिने पुढे केलेल्या सदऱ्याला त्यांनी ते पुसले. सदरा पुन्हा धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी दोघे मिळून निदान करणाऱ्या पहिल्या डॉक्टरांकडे गेले. बायकोने आडपडदा न ठेवता विचारले. थांबलो तर धोका किती? वाढलं तर कळणार कसं? आणि कळल्यावर उशीर झालेला असेल का? डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि प्रथमच खिडकीकडे, यंत्राकडे किंवा घड्याळाकडे न पाहता कोणीतरी या दोघांशी बोलले. अगदी शून्य धोका कशातच नाही. पण या प्रकारात रक्ततपासणी वेळच्या वेळी झाली, गरज पडली तर पुन्हा ग्रंथीचा तुकडा काढून तपासला, तर हालचाल दिसताच उपचार करता येतात. तपासणी मात्र चुकवायची नाही.

"लक्ष ठेवू," अभिप्रायराव म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना ओळखू आला नाही. "म्हणजे, हा माझा निर्णय आहे. लेखी देऊ का?"

"तोंडी चालेल," डॉक्टर म्हणाले.

बातमी फुटल्यावर सोसायटीत हलकल्लोळ झाला. ठराव धाब्यावर बसवला म्हणून चेअरमन संतापले. वकिलांनी जिन्यात ओळख दाखवणे बंद केले. मेहुणा तर घरीच येऊन थडकला, सोबत चेअरमन आणि वकील.

"काहीच न करणं हा काय उपचार झाला, भाऊजी?" मेहुणा ओरडला. "अशा बाबतीत टाळाटाळ करणाऱ्यांची मला चीड येते!"

"खरंय रे बाबा," बायको म्हणाली. "बरं झालं तिघेही आलात. यांचं रक्त घ्यायला लॅबचा माणूस आलाच आहे आत. तुम्हीही पन्नाशी ओलांडलीय. बाह्या वर करा, तुमचंही होऊन जाईल."

आतून लॅबच्या माणसाने हातमोजा ओढल्याचा चट् असा आवाज आला.

"मला तसा काही त्रासच नाही," चेअरमन म्हणाले. "रात्री चार-पाचदा उठावं लागतं, तेवढंच. पाणी जास्त पितो मी."

वकिलांना कोर्टाची तारीख आठवली. तो रविवार होता. मेहुण्याची पाठ अचानक धरली, पण जिना त्याने दोन-दोन पायऱ्या गाळत उतरला.

अभिप्रायरावांचे आकडे सध्या जागच्या जागी आहेत. ते तपासणी चुकवत नाहीत, आणि आदल्या दिवशी दर वेळी घाबरतात. बायको बरोबर जाते. मेहुण्याचे दोन्ही ग्रुप चालू आहेत. हल्ली तिथे प्लंबरच्या गुडघ्याचा विषय आहे.

ही हकिकत वाचताना तुम्हालाही कोणीतरी आठवले असेल. एखादे मामा, साडू, शेजारचे काका. बाथरूममध्ये वेळ लावणारे, तपासणीचे नाव काढले की हसून विषय बदलणारे. त्यांना हे वाचायला पाठवावे, असेही मनात आले असेल. जरूर पाठवा. फक्त त्यांनीच ते तुम्हाला आधी पाठवलेले नाही ना, तेवढे एकदा बघून घ्या.