डीफ्रॅग चालू आहे, मधे थांबवू नये

बावीस वर्षांत माझा एकही मजकूर छपाईला उशिरा गेलेला नाही. ही बढाई नव्हे, नोंद आहे. त्या गुरुवारीही माझ्या सदराचा लेख अकरा वाजताच संगणकात तयार होता. मनोऱ्यावरच्या घड्याळाला एकतीस वर्षं चावी देणारा माणूस निवृत्त होत होता, त्याची मुलाखत. लेख द्यायचा होता पाचला. हाताशी सहा तास!

संगणक हल्ली इतका मंदावला होता की एखादी फाइल उघडायला सांगून मी दाढी करून येत असे. म्हणून बारा वाजून दहा मिनिटांनी मी हार्ड डिस्क डीफ्रॅग करायला घेतली. पडद्यावर रंगीत चौकोनांची गोधडी पसरली.

आई मागे येऊन उभी राहिली. तिची हयात पुस्तकबांधणीच्या कारखान्यात गेली. कुठल्याही वस्तूकडे ती आधी शिवण कुठे सुटलीय याच नजरेने बघते.

"हे काय चाललंय?"

"एकेका फाइलचे तुकडे डिस्कवर भलतीकडे पडलेत. ते जुळवून सलग लावायचे. भरलेलं सगळं एका बाजूला, कोरं सगळं एका बाजूला. मग शोधायला वेळ लागत नाही."

"आणि मधेच थांबवलं तर?"

"थांबवायचं नाही. तुकडे हरवतात."

"शहाणं आहे हो तुझं यंत्र," आई म्हणाली. "नाहीतर तुझी खोली बघ."

मी हसलो. ही पहिली चूक.

दोन वाजता पडद्यावर नऊ टक्के. पावणेतीनला अकरा. मी हिशेब केला. याच चालीने काम शुक्रवारी रात्री बाराच्या सुमारास संपणार होतं. लेखाची दुसरी प्रत कुठेही नव्हती. मी खुर्ची ओढली आणि प्लगसमोर पहाऱ्याला बसलो. कुणाचा पाय वायरला लागला असता तर घड्याळवाला एकतीस वर्षांसकट गेला असता.

तीनला उपसंपादिकेचा फोन आला.

"दादा, लेख कुठंय?"

"येतोय."

"पाचला पान बंद. संपादक म्हणाले, जागा रिकामी राहिली तर सदर हवामानवाल्याला द्या. त्याचे सात लेख तयार पडलेत."

"आजच्यापुरतं ना?"

"कायमचं."

हवामानवाला गेली चार वर्षं माझ्या तब्येतीची फार आपुलकीने चौकशी करतो. त्याचं कारण त्या क्षणी कळलं.

सव्वातीनला आई विजेची शेगडी घेऊन आली. "तो प्लग दे जरा. खळ शिजवायचीय."

"प्लगला हात लावू नकोस. गॅसवर शिजव."

"बरं," म्हणून ती गेली. खळ कशाला, हे मी विचारलं नाही. बावीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरणाऱ्या माणसाने नाही विचारलं. ही दुसरी.

साडेतीनला मी ठरवलं, लेख टिपणांवरून पुन्हा लिहायचा. मनोऱ्याच्या पायऱ्या किती, चावीचे वळसे किती, हे मी आठवणीवर सोडत नाही. वही माझ्या खोलीत होती, खिडकीखालच्या ढिगात, वरून तिसरी.

खोलीत ढीग नव्हते. फरशी दिसत होती. तिचा रंग मी विसरलो होतो. मधोमध आई सुई-दोरा घेऊन बसली होती आणि तिच्याभोवती माझ्या एकेचाळीस वह्यांचे नुसते पुठ्ठे पडले होते.

"आई, वह्या?"

"सगळ्या अर्ध्याच भरलेल्या. लिहिलेली पानं उसवून तारखेप्रमाणे एका बाजूला लावली, कोरी एका बाजूला. आता शिवतेय."

"मला घड्याळवाल्याची पानं दे. चारच आहेत."

"मधे थांबवायचं नाही. तुकडे हरवतात."

"अगं, ते यंत्राचं झालं."

"यंत्राला एक नियम आणि आईला दुसरा?"

मी घड्याळात पाहिलं. "किती झालंय?"

आईने ढिगावर नजर टाकली. "साठ टक्के."

संगणकापेक्षा ही बरीच पुढे होती. मी निमूट तिच्यासमोर मांडी घातली. ती म्हणेल तशी पानं दाबून धरली. "सरळ धर. कारखान्यात असतास तर दुपारपर्यंत टिकला नसतास." बाहेर फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. चार बावीसला तिने शेवटची गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि विचारलं, "तारीख?"

मी प्रत्येक पानावर तारीख घालतो. "चौदा. याच सोमवारची."

तिने जाडजूड गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि उघडला. समोर घड्याळवाला!

लिहायला वेळ नव्हता. मी फोनवरून लेख तोंडी सांगितला, उपसंपादिकेने उतरवून घेतला. आई शेजारी बसून दर पाच मिनिटांनी वेळ सांगत होती. शेवटचं वाक्य चार छप्पन्नला संपलं.

"मिळालं," उपसंपादिका म्हणाली. "हवामानवाल्याला घरी पाठवते. बिचारा नवा शर्ट घालून आलाय."

सहाला बायको कामावरून आली. मी तिला सगळं सविस्तर, वेळांसकट सांगितलं. पडद्यावर तेव्हा सतरा टक्के होते. तिने खांद्यावरची पिशवीही उतरवली नाही. माउस हलवून चौकोनांची खिडकी खाली सारली आणि माझ्या लेखावर दोनदा क्लिक केलं. थोड्या वेळाने लेख उघडला.

"डीफ्रॅग चालू असतानाही फाइल उघडते," ती म्हणाली. "फक्त जरा वेळ लागतो."

"किती?" आतून आईने विचारलं.

"याची दाढी होईल इतका." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू दुपारभर त्या प्लगवर बसून होतास?"

"प्लगवर नाही, प्लगसमोर," मी म्हणालो. "आणि फक्त पाऊण तास."

नोंद अचूक असलेली बरी.