दगडातला बिनतिकिटाचा पाहुणा

"माझ्या टाकीत कोण राहतं हे मला कळणार नाही, तर कोणाला?" असं सावीनो इटलीतल्या बारी शहरातल्या निम्म्या ओळखीच्यांना ऐकवून आला होता. पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्याने दिवाणखान्यात तीन माशांसाठी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली, तीही सासूबाईंचं थोरलं कपाट तळघरात हलवून. बायकोने, मारीलेनाने, एकच अट घातली होती. तिन्ही मासे गेले, की टाकी बाहेर आणि आईचं कपाट परत वर.

महिन्याभरात दोन मासे गायब झाले. मागे काटासुद्धा उरला नाही.

संशय होता टाकीतल्या दगडावर. समुद्रातून काढलेल्या अशा दगडाच्या भोकाभोकांतून बिनतिकिटाचे प्रवासी येतातच, म्हणजे किडे, गोगलगायी, नखाएवढे तारामासे. त्यांची ओळख पटवण्यात सावीनोची सकाळ सरायची. पण एका भोकात नुसते दोन डोळे होते, देठांवर बसवल्यासारखे, आणि तिथून अधूनमधून 'टक्' असा आवाज यायचा. त्याने ओळखीच्या मत्स्यप्रेमींना फोटो दाखवला, तर एकाने खेकडा सांगितला, दुसऱ्याने कोळंबी, आणि तिसऱ्याने टाकीच विकून टाकायचा सल्ला दिला.

खरं सांगायचं तर सावीनोचा त्या डोळ्यांवर जीव जडला होता. तो उजवीकडे सरकला की एक डोळा उजवीकडे वळायचा. नोकरी सुटल्यापासून त्याच्याकडे इतकं लक्ष देऊन कोणी पाहिलं नव्हतं, घरच्यांनी तर नाहीच. पण आता मासा एकच उरला होता. मन घट्ट करून त्याने बाटलीचा सापळा लावला आणि रविवारी सकाळी आरोपी सापडला. बोटाएवढा, हिरवट, अंगावर चिलखत चढवलेला आणि भलताच रागावलेला.

त्याला वाडग्यात घालून सावीनोने ओट्यावर ठेवलं आणि त्याच्यासाठी वेगळी छोटी टाकी मागायला तो शेजारी गेला. शेजाऱ्याने टाकी दिली, पण आधी स्वतःच्या गुडघ्यांची सगळी कहाणी ऐकवली.

बारीत रविवारी सकाळी ओट्यावर समुद्रातलं काही जिवंत दिसलं, की त्याचा अर्थ एकच होतो. सावीनोला हे जन्मापासून ठाऊक होतं. नेमकं त्या दिवशी आठवलं नाही.

तो परतला तेव्हा टेबलावर कच्चे शिंपले, माकुल्या आणि लिंबाच्या फोडी मांडल्या होत्या. सासूबाईंनी, आद्दोलोरातांनी, एक सोललेला पांढरा घास त्याच्यासमोर सरकवला.

"घ्या जावईबापू. हा मान तुमचा."

सावीनोने खाल्ला. "वा आई, गोड आहे. कुठून आणलंत?"

"मी कुठून आणणार? तुम्हीच ना ओट्यावर ठेवलंत? एवढुसं एकच. म्हटलं, निवृत्त माणसाचा हात आखडताच असायचा."

घास केव्हाच खाली उतरला होता.

"आई, ते काय होतं माहीत आहे?"

"चिकाला, कोळंबीची चिलखतवाली चुलत बहीण. लग्नात पानभर वाढतात की आपल्याकडे. जरा रोडच होती. सोलताना ठोसा मारला मेलीने."

"चला, ओळख पटली एकदाची," मारीलेना हसत म्हणाली.

सावीनोला हसू आलं नाही. ज्याने इतके दिवस आपल्याला डोळे भरून पाहिलं, त्याला आपण लिंबू पिळून खाल्लं, वर 'वा' म्हणालो. त्याला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात दिवाणखान्यातून 'टक्' असा आवाज आला.

सासूबाईंचा काटा हवेतच थांबला. "ते काय?"

"पंप," सावीनो म्हणाला, आणि उठलाच.

दगडाच्या खालच्या भोकातून दोन डोळे त्याच्याकडे बघत होते. सावीनोने मागे कोणी नाही ना हे पाहिलं, उरलेला मासा जाळीत धरला आणि शेजाऱ्याच्या छोट्या टाकीत सोडला. मासा जगला, अट पाळली गेली. मोठी टाकी त्याने त्या डोळ्यांच्या नावे केली.

कपाटाबद्दल सासूबाईंनी पुन्हा चकार शब्द काढला नाही. टाकी छान दिसते, राहू दे, असंही म्हणाल्या. सावीनोला भरून आलं. संध्याकाळी तो खुर्ची ओढून टाकीसमोर बसला, तेव्हा झाकणावर एक लिंबू ठेवलेलं होतं.