थव्यातली जागा

काँगो टेट्राच्या थव्यातला एक मासा मेला, की त्याची जागा घरातल्या माणसाने भरायची असते.

हौस यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. सांगलीच्या दोन खोल्यांत एवढा मोठा फिशटँक, त्यात सहा मासे, आणि पाणी बदलायचं माझ्या कपाळी. त्या दिवशी कधी नव्हे ते हे काच पुसायला बसले. मधेच फोन आला आणि झाकण उघडंच राहिलं. हे मासे बिचकले की उडी मारतात, असं दुकानदाराने बजावून सांगितलं होतं. एक फरशीवर पडून मेला.

थव्यातला थोरला मासा काचेपाशी आला. जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणाला. दुकानात नवे मासे पुढच्या महिन्यात येणार होते, पण तो थांबायला तयार नव्हता. माझ्या अंगाची आग आग झाली. यांनी मात्र शर्ट काढून नीट घडी घातली.

"चूक माझीच आहे," हे म्हणाले. "नवा मासा आला की मला काढून घे."

मासा आल्या दिवशी मी जाळी घेऊन टँकपुढे उभी राहिले. थोरल्याने काहीच हरकत घेतली नाही. तुमचा असेल तो काढा, म्हणाला. दुसरा काढलात आणि तो मेला, तर ती जागा तुमची. एवढं सांगून तोही बाकीच्यांत मिसळला.

मला ओळखू येईना.

"अहो," मी हाक मारली. सहाच्या सहा वळले.

यांचं नाव मी आजवर उखाण्यातच घेतलं होतं. आज सरळ घेतलं. "शशिकांत."

पुन्हा सहाही एकदम वळले. मी तिथेच फरशीवर बसून रडले. पिशवीतला नवा मासा तडफडायला लागला, तेव्हा उठून त्यालाही आत सोडला.

आता रोज दिवेलागणीला त्यांच्यातला एकजण उसळतो आणि झाकणावर आपटतो. हेच असणार, असं मन म्हणतं. पण नसले तर? घरात आता मी एकटीच उरले आहे.

मी झाकणावर वरवंटा ठेवलाय.