पारशिवनीपेक्षा बंगलोर जवळ

आमच्या शेजारची सुजाता अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाही, विमानात मोजते. मुंबई? दीड तास. दिल्ली? दीड तास. कलकत्ता विचारा, तेही दीडच. नागपूर देशाच्या मधोमध वसवलं ते केवळ हिच्या सोयीसाठी, असा सगळा थाट. स्वतः मात्र तिनं अजून विमानात पाय ठेवलेला नाही.

विमानतळावर किती आधी जाऊन बसावं लागतं, ते ती हिशोबात धरतच नाही. मी एकदा म्हणाले, बंगलोरला उतरल्यावर गावात पोचायलाच दोन तास लागतात म्हणे. तर म्हणाली, तो उशीर बंगलोरचा, त्यात नागपूरचा काय दोष?

तिला हसायचा मला तसा अधिकार नाही. मी लग्न होऊन जवळच्याच कन्हानहून नागपुरात सदरला आले, म्हणजे हाकेच्या अंतरावर. तरी एसटीत असा गळा काढला की कंडक्टरनं तिकीट फाडायच्या आधी नवऱ्याची उलटतपासणी घेतली. पुढे कितीतरी दिवस मी शेजारणींना "आमच्या मुलखात असं नसतं" म्हणून ऐकवायचे.

सुजाताची लेक प्रज्ञा. नवरा गेल्यावर सुजातानं ऑफिसची नोकरी सांभाळून एकटीनं शिकवलेली. तिला बंगलोरला विमानाचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियरची नोकरी लागली, आणि पोरगी अडून बसली. आईला एकटीला टाकून जाणार नाही, इथंच काहीतरी लहानसं धरते म्हणाली.

सुजाता भांडली नाही. रविवारी लेकीला घेऊन एसटीनं आमच्याच जिल्ह्यातल्या पारशिवनीला भावाकडे निघाली. बस उशिरा सुटली, वाटेत पंक्चर झाली, दोघी उन्हात उभ्या राहिल्या, मग दुसऱ्या बसमध्ये लोंबकळत कशाबशा पोचल्या. भावाच्या दारातच तिनं लेकीला धरलं. "एवढ्या वेळात तू बंगलोरहून येऊन, जेवून, वापस गेली असती. आता सांग, मामा दूर राहून राहिला का तू दूर जाऊन राहिली?" मामा बिचारा पाण्याचा तांब्या घेऊन उभाच. आपण नेमकं काय केलं, हे त्याला अजून कळलेलं नाही.

प्रज्ञा गेली. विमानतळावर सुजाताची मान अशी ताठ, की ते विमानसुद्धा हिच्याच लेकीनं बनवलं असावं. शेजारी उभ्या अनोळखी बाईलाही तिनं ऐकवलं, माझी पोरगी इंजिनियर आहे, दीड तासात पोचते. रडले मीच, जुन्या सवयीनं.

परतताना आम्ही दोघी ऑटोत बसलो. वर्धा रोड मागे पडला. मग बाहेर बघतच ती हळूच म्हणाली, "मावशी, घर अजून लय दूर आहे का वं?"

आमच्या दोघींच्या घरांमध्ये एका भिंतीचं अंतर.

"माझं जवळ आहे," मी म्हणाले. "तिथंच उतर."