होलिसकाकांच्या डावीकडची खुर्ची

“एकदा लावला की या गिटारचा सूर उद्या सकाळपर्यंत हलत नाही!” वांडा टीगने जाहीर केलं आणि आपली चार तारांची टेनर गिटार खुर्चीवर ठेवून ती गोड थंड चहा आणायला निघाली.

वाक्य तिच्या वडिलांचं होतं. गिटारही त्यांचीच. आणि ब्रायरटनच्या फिडल म्हणजे गावरान व्हायोलिनच्या स्पर्धेत म्हाताऱ्या होलिस प्रुइटच्या डावीकडे बसून साथ करण्याची जागाही एकतीस वर्षं त्यांचीच. फेब्रुवारीत ते गेले, आणि टेक्ससमधले निम्मे सहातारी गिटारवाले त्या खुर्चीवर डोळा ठेवून बसले.

“या वर्षी तू बस, पोरी,” होलिसकाका म्हणाले होते. “जमलं तर खुर्ची तुझी. नाही तर डरवुडचा भाचा आहेच. त्याच्याकडे सहा तारा आहेत.”

“चारांत सगळं भागतं काका! उरलेल्या दोन हवापालटाला आलेल्या असतात.”

दुपारपर्यंत अकरा जणांनी तिला विचारलं होतं, “बाकीच्या दोन तारा कुठं गेल्या?” बाराव्याला तिने सांगून टाकलं, “घरी कपाटात आहेत. पाहुणे आले की काढते.”

होलिसकाकांच्या उजवीकडे डरवुड बसायचा. सहा तारा, देवमाणूस, आणि मदतीची भयंकर खाज! वांडा चहाच्या रांगेत उभी असताना त्याने सहज तिची गिटार छेडली आणि कडू औषध प्यायल्यासारखं तोंड केलं. टेनरचे सूर वेगळेच लावतात, हे त्या बापड्याच्या गावीही नव्हतं. एकतीस वर्षं तो स्वतःच्या गिटारवरून नजर न काढता वाजवत आला होता.

“बाप गेलाय. कुठलं लक्ष असणार तिचं!” तो हळहळला. मग त्याने आपल्या गिटारच्या बारीक चार तारांशी तिच्या चारही तारा जुळवल्या. चारांतली एकच बरोबर निघाली. केलेले उपकार बोलून दाखवायचे नाहीत, असा त्याचा बाणा असल्यामुळे गिटार जागेवर ठेवून तो गप्प बसला.

“नंबर अकरा!” कर्णा ओरडला. वांडा चहाचा पेला टाकून धावली.

इथले परीक्षक बंद दाराआड बसतात. कोण वाजवतंय ते त्यांना दिसत नाही, फक्त ऐकू येतं. होलिसकाकांनी टाचेने ताल दिला, फिडल सुटलं आणि वांडाने पहिला ठोका मारला.

खुराड्यात कोल्हा शिरला की कोंबड्या असाच सूर लावतात!

मध्येच थांबलं की स्पर्धक बाद. वांडाने डावा पंजा तारांवर दाबून त्यांची तोंडं बंद केली आणि उजव्या हाताने नुसता ताल धरला. चक्-चक्, चक्-चक्! सूर गेला तर जाऊ दे, ताल टीगांच्या घरचा आहे!

“दाबतेस कशाला?” डरवुड कुजबुजला. “मस्त लावून दिलीय मी. बिनधास्त वाजव!”

वांडाने त्याला नजरेनेच सोलला.

धून संपते न संपते तोच आतून चिठ्ठी आली. नंबर अकरा बाद. स्पर्धेत ढोल चालत नाही.

“ढोल?” होलिसकाकांचा आवाज फाटला. वांडा तरातरा जाऊन बंद दारासमोर उभी राहिली.

“गिटार आहे ती!”

“किती तारा?” आतून प्रश्न.

“चार!”

“दोन तुटल्या काय?”

“जन्मापासून चारच आहेत!”

“बाई, जास्त बोलू नका. तुम्ही कोण ते आम्हाला कळता कामा नये.”

“कळू दे की! वांडा टीग!”

अख्ख्या मंडपाने कपाळावर हात मारला. दाराआड बराच वेळ खुसपुस झाली. शेवटी एक घोगरा आवाज म्हणाला, “नाव आम्ही ऐकलं नाही. पण टीगची टेनर असेल तर सूर लावून पुन्हा वाजवा म्हणावं.”

वांडाने माइकसमोरच खुंट्या पिळल्या. मंडपातले चाळीस सहातारी कळवळले. “अगं, चांगली लागलेली बिघडवतेय!” डरवुडने कानांत बोटं घातली.

आणि मग ती वाजली. ठसठशीत, खणखणीत, एकेक ठोका खिळा ठोकल्यासारखा. डॅडींची बोटं जिथे पडायची तिथेच तिची पडत होती. दुसऱ्या आवर्तनात तिला बोटांखालची गिटारची पट्टी धूसर दिसायला लागली. तिने डोळे मिटले. हात चुकला नाही.

तिसरा क्रमांक!

“खुर्ची तुझी,” फिडल पेटीत ठेवत होलिसकाका म्हणाले. “मी आहे तोवर कुणी मागणार नाही.”

“डॅडींसारखं वाजलं ना, काका?”

“हुबेहूब!” त्यांनी डावा कान चोळला. “म्हणूनच म्हणतो पोरी, पुढच्या वर्षी ते पहिलंच वाजव. चक्-चक्. एकतीस वर्षांत आज पहिल्यांदा मला माझं फिडल ऐकू आलं!”