मिस्त्रींचं चुंबक

जावयाने पन्नास वर्षांची जुनी गाडी घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा मिस्त्री एवढंच म्हणाले, की आधी चुंबक लावू. त्या गाडीतून त्यांची एकुलती एक मुलगी फिरणार होती, आणि हौसेपायी जावयाने अक्कल गहाण टाकली होती. मिस्त्रींचा तीस वर्षांचा रिवाज असा: जुन्या स्पीकरमधलं चुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावरून फिरवायचं. चिकटलं तर पत्रा, घसरलं तर रंगाखाली पुट्टी. शेवटी ते एकच वाक्य बोलत आणि त्यावर अपील नसे.

गाडी विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी फोनवर एकच चौकशी केली होती, की पारखायला कोण येणार. सासऱ्यांचं नाव ऐकताच त्यांनी रविवार दिला. म्हातारी घाबरली नाही, म्हणजे गाडी चोख, असा जावयाने हिशेब मांडला.

रविवारी शेड उघडली. आत लालचुटुक गाडी. चुंबक बॉनेटला चिकटलं, पुढच्या दारांना चिकटलं. मागच्या दारापाशी मात्र ते पडलं. उचलून थोडं खाली लावलं, पुन्हा पडलं, आणि घरंगळत थेट गाडीखाली गेलं. गुडघ्यांना शिव्या देत मिस्त्री पाठीवर झोपून आत सरकले आणि तिथेच थिजले.

गाडीच्या पोटावर, बरोबर मध्यावर, वेल्डिंगची आडवी रेघ होती. वेल्डिंग हस्ताक्षरासारखं असतं, आपलं आपल्याला ओळखू येतं. एकतीस वर्षांपूर्वी, ही गाडी निळी असताना, दोन चेपलेल्या गाड्यांमधलं एकीचं पुढचं आणि दुसरीचं मागचं धड त्यांनी जोडलं होतं. गॅरेजच्या मालकाने जोड म्हणून सांगितलं, यांनी जोडलं. त्या दिवसानंतर त्यांनी चुंबक बाळगायला सुरुवात केली होती.

बाहेर येऊन त्यांनी निकाल दिला, "घेऊ नका. गंजलीय."

"कुठे?" जावयाने विचारलं. मिस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदाच निकालाचं कारण शोधायला सुरुवात केली आणि ते काही सापडेना. तेवढ्यात बाई घरात जाऊन काचेच्या चौकटीत लावलेला एक कागद घेऊन आल्या. जावयाने वाचलं. गाडी तपासली, सलग आहे, निर्दोष आहे. खाली एकतीस वर्षांपूर्वीची तारीख आणि सही.

"बाबा, ही सही तुमची आहे."

नाही म्हणावं, तर अब्रू वाचत होती. पण मग जावई गाडी घेणार आणि मुलगी मागच्या धडात बसणार. मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सही माझी," ते म्हणाले. "मजकूर खोटा आहे."

"कळलं होतं आम्हाला, पहिल्याच महिन्यात," बाई शांतपणे म्हणाल्या. "पुढची चाकं वळायची, मागची जरा विचार करून वळायची. पण ह्यांनी ऑफिसभर हा कागद मिरवला होता. मग गाडी वाईट म्हणणार कसं? तीस वर्षं बैलगाडीच्या वेगाने चालवली. आणि मी शेजारी बसून प्रत्येक वळणाला डोळे मिटले. ते गेले अंथरुणात, सुखाने. मला मात्र तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. गाडी विकायची नाहीच आहे. उद्या भंगारवाला येतोय."

मिस्त्रींनी हात जोडले.

जावयाने हात पुढे केला. "चुंबक द्या जरा."

फाटकाबाहेर त्याची रोजची गाडी उभी होती. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींनीच पारखून लेकीसाठी घेतलेली. जावई तिच्यापाशी उकिडवा बसला. ती गाडी सोळा आणे खरी होती, हे मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं. तरी चुंबक मागच्या दाराकडे सरकलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

"सवय होते," शेजारून बाई म्हणाल्या.

चुंबक चिकटलं. पुढे सरकलं, तिथेही चिकटलं. पूर्ण फेरी झाली, आणि जावयाने दुसरी सुरू केली.